शब्दचर्चा : होळी की होला?

धागाकर्ती : यंदा धुळवडीला नांदेडला मावसबहिणीकडे होते. सकाळीच ती म्हणाली, "दुपारनंतर बाहेर पडू नकोस, हल्लाबोल आहे." मला वाटलं, मोर्चा असेल. आपल्या पेपरांत महागाईविरुद्ध रोजच कुणी ना कुणी हल्लाबोल करत असतं. गच्चीतून बघितलं तर निशाण साहिब (शिखांचा धर्मध्वज), सजवलेले घोडे, निळ्या पगड्यांचे निहंग, म्हणजे शस्त्रधारी शीख, आणि मग एकदम सगळे उघड्या तलवारी घेऊन धावत सुटले. गर्दी ओसरली तेव्हा रस्त्यावर जोडीदार हरवलेल्या चपला तेवढ्या उरल्या होत्या. खालचे सरदारजी म्हणाले, "होली नहीं जी, होला." तर 'होला' हे होळीचंच पुल्लिंग का? आणि शीख आपले हिंदू सण मानतात की नाही?

नांदेडकर : पुल्लिंगच. सुरी-सुरा, पोथी-पोथा, तसं होळी-होला. (पोळी-पोळा मात्र नाही, बैल रागावतील.) निहंगांच्या बोलीत वस्तू अशी मोठी, दणकट करून बोलायची रीतच आहे. एक शीख आला तरी 'सवा लाख' आले, चणे म्हणजे 'बदाम', कांदा म्हणजे 'रुप्पा', म्हणजे चांदी. होला मोहल्ला गुरू गोविंदसिंगांनी पंजाबात आनंदपूरला सुरू केला. रंग उडवण्याऐवजी घोडेस्वारी नि खोट्या लढाईचा सराव. आमच्याकडे हल्ला दसऱ्यालाही निघतो, आणि दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान, म्हणजे इथल्या मुख्य गुरुद्वाऱ्याची धुलाई असते. गोदावरीचं पाणी घागरींनी आणतात, गुरूंची शस्त्रं काढून धुतात.

चंडीगडवासी मराठी : थोडी भर घालतो. भाई काहनसिंग नाभा यांनी 'महान कोश' या शीख ज्ञानकोशात होला म्हणजे हल्ला आणि महल्ला म्हणजे हल्ल्याची जागा, असा अर्थ दिलाय. मला तो जरा ओढून आणलेला वाटतो, पण त्यामागचं मन कळतं. सण टाकायचा नाही, नाव आणि रोख मात्र बदलायचा.

तेच दिवाळीचं. सहावे गुरू हरगोविंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटले ते एकटे नाही, 52 राजांना घेऊन, अशी परंपरा सांगते. म्हणून 'बंदी छोड दिवस'. इथे मराठी माणूस हमखास फसतो, कारण आपल्याला बंदी म्हटलं की फटाकेबंदीच आठवते. इथला बंदी म्हणजे कैदी, आणि 'बंदी छोड' म्हणजे कैद्यांना सोडवणारा. ते गुरूंचं बिरुद आहे. कर्मठ मंडळी हेच नाव वापरा म्हणतात, पण बाजारात आणि घरात सगळे 'दिवाली'च म्हणतात. म्हणच आहे, दाल रोटी घर दी, दिवाली अंबरसर (अमृतसर) दी.

'मानतात का'चं उत्तर एका वाक्यात नाही देता येत. 1945 च्या रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, एकादशी-पौर्णिमेचे उपास, श्राद्ध, तिलक बाद आहेत. हे सगळं 'मनमत', म्हणजे आपल्या मनाचं. गुरूंच्या शिकवणीचं ते 'गुरमत'. आणि तुमच्या नांदेडला शस्त्रांना चंदन लागतं, दिव्यांची आरती होते! त्यावरून इथे दोन सरदारजींना भांडताना ऐकलंय.

नांदेडकर : ऐकलं असेल. पण आमची रीत जुनी आहे, दादा, तिला मनमत म्हणून मोकळं होऊ नका.

चंडीगडवासी मराठी : मी नाही म्हणत हो, ते म्हणतात. राखीचंही तसंच आहे. माझ्या पंजाबी शेजाऱ्यांकडे बहीण राखी बांधते, वर त्यांचे वडील दरवर्षी कुरकुरतात की कडं आहे ना हातात, दोरा कशाला? गंमत म्हणजे पंजाबच्या इतिहासात 'राखी' हा कर आहे. अठराव्या शतकात दल खालसा, म्हणजे शिखांची फौज, गावाच्या रक्षणाबद्दल महसुलाचा पाचवा हिस्सा घेई, ती राखी. आपली राखण, तोच धातू. चौथाईवाल्या मराठ्यांना हे लगेच समजावं.

धागाकर्ती : मग 'संगरांद' काय? मावसबहिणीच्या शेजारणीनं त्या दिवशी गुरुद्वाऱ्यात बोलावलंय.

नांदेडकर : आपली संक्रांतच, पण दर महिन्याची. सूर्य रास बदलतो तो दिवस. त्या महिन्याचं, ग्रंथसाहिबातल्या 'बारह माहा' या बारा महिन्यांच्या रचनेतलं पद वाचतात. तिळगूळ नाही मिळणार, कडाह प्रसाद, म्हणजे शिरा मिळेल. ओंजळ पुढे करा, एका हातानं घेऊ नका.

चंडीगडवासी मराठी : आणि एक सावधगिरी. 'गुरपुरब' म्हणजे गुरूंच्या स्मरणाचा दिवस; त्यातला पुरब म्हणजे आपलं पर्व, पण ते प्रत्येक वेळी आनंदाचंच असतं असं नाही. गुरू अर्जुनदेवांचा शहीदी दिवसही गुरपुरबच. ऐन उन्हाळ्यात रस्त्यावर छबील लावून येणाऱ्याजाणाऱ्याला गार गोड दूधपाणी पाजतात. मी पहिल्या वर्षी ग्लास हातात घेऊन "गुरपुरब दी लख लख वधाई" म्हणालो होतो. पाजणाऱ्या आजोबांनी काही न बोलता ग्लास पुन्हा भरला.