मदत हवी आहे: आजोबा-नातवाला अर्धं-अर्धं करून खाता येईल असं कमी गोड घरचं चॉकलेट

नमस्कार मंडळी,

माझा आठ वर्षांचा मुलगा संध्याकाळी सहाच्या सुमाराला खेळून येतो, हातपाय धुतो आणि आजोबांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसतो. बाबा, म्हणजे हे आजोबा, खिशातून चॉकलेट काढायचे, मोडून अर्धं त्याला द्यायचे, अर्धं स्वतः खायचे. चार वर्षं हे नेमाने चाललं होतं. जानेवारीत बाबांच्या रक्ताची तपासणी केली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी) ६.२ टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहात, गोड आवरा. बाबांनी त्याच दिवसापासून चॉकलेट आणणं बंद केलं. मुलगा अजूनही सहा वाजता खुर्चीजवळ जाऊन बसतो. बाबा त्याला गोष्ट सांगतात, पण मधूनच त्यांचा हात सवयीने खिशाकडे जातो. मला ते बघवत नाही.

म्हणून घरीच करायचं ठरवलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा फसलं. सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे कुठे चुकतंय ते तुम्हाला सांगता येईल.

पहिल्यांदा अर्धी वाटी घाण्याचं खोबरेल कोमट करून त्यात पाऊण वाटी कोको पावडर आणि पाव वाटी गूळ पावडर घातली. फ्रीजमध्ये झकास घट्ट झालं. बाहेर काढून बाबांच्या हातात देईपर्यंत बोटांना लागायला लागलं आणि पाच मिनिटांत ताटलीत पसरलं. शिवाय गूळ दाताखाली कचकचत होता.

दुसऱ्यांदा ७० टक्के कोको असलेलं डार्क चॉकलेट आणून डबल बॉयलरवर (उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून) वितळवलं. मुलाला कडू लागेल म्हणून दोन चमचे गुळाचा पाक घातला. बघता बघता त्याचा ओल्या वाळूसारखा गोळा झाला. कितीही ढवळलं तरी सुटेना.

तिसऱ्यांदा पाव किलो बिनबियांचा खजूर, कोको आणि थोडे बदाम मिक्सरमधून काढून वीस लाडू वळले. चव छान होती. पण मुलगा म्हणाला, "आई, हा लाडू आहे." त्याचं बरोबर आहे. त्यांना कट्‌ करून मोडणारं चॉकलेट हवंय, कारण दोघांनी वाटून खायचं असतं.

आम्ही सोलापूरला राहतो. मार्चमध्येच दुपारी घरात ३५-३६ अंश असतात, एसी नाही. घट्ट राहील, मोडेल आणि बाबांना चालेल असं काही जमेल का? साखरेऐवजी गूळ, मध, खजूर यांतलं काय बरं? बाजारातलं शुगर-फ्री आणून द्यावं का? कोको बटर (कोकोच्या बियांतली चरबी) महाग आहे, म्हणून मागवण्याआधी विचारते आहे.

प्रतिसाद १

पहिल्या खेपेचं कारण सोपं आहे. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं. तुमच्या घरात ते वर्षातले बरेच महिने पातळच राहणार. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून चॉकलेट हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं. दोन्ही तेलं अर्धी-अर्धी घेऊन पैसे वाचवायचा विचार करू नका. ती एकत्र आली की मिश्रण नुसत्या कोको बटरपेक्षा बरंच मऊ पडतं. बाबांच्या दृष्टीनेही वाटीभर खोबरेल नकोच, त्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते.

प्रतिसाद २

पाक घातल्यावर गोळा झाला तो पाण्यामुळे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये कोको आणि साखरेचे कण चरबीत तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की साखर ओली होऊन चिकटते आणि कण एकमेकांना धरून बसतात. ओला चमचा किंवा डबल बॉयलरच्या वाफेचा थेंबही पुरतो. म्हणून भांडी, चमचा, साचा सगळं खडखडीत कोरडं हवं. मध, पाक, खजुराची पेस्ट वितळलेल्या चॉकलेटमध्ये नकोच.

बिघडलेला गोळा टाकून दिला नसेल तर गरम दूध एकेक चमचा घालत घोटत राहा. आधी आणखी बिघडल्यासारखं वाटेल, मग एकदम गुळगुळीत होईल. त्याची वडी पडणार नाही, पण पोळीला लावायला उत्तम.

प्रतिसाद ३

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे गुळाबद्दल स्पष्ट लिहिते. गूळ ही साखरच आहे. थोडी खनिजं असतात, पण चॉकलेटच्या तुकड्यातून जाणाऱ्या गुळात ती नगण्य. रक्तातल्या साखरेला तो गूळ आहे हे कळत नाही. मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत मध आणि पाक हे साखरेबरोबरच मोजले आहेत. ही वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावी असं ती सूचना सांगते. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, घरच्या सहा लहान चमच्यांएवढी.

आता तुमचा लाडू. खजुरात शंभर ग्रॅमला ६५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. पाव किलोत १६० ग्रॅम धरा. वीस लाडू केलेत, म्हणजे एका लाडवात आठ ग्रॅम. खजुरात तंतू असतात, अख्खा खजूर साखरेपेक्षा चांगलाच, पण "साखर घातलेली नाही" म्हणून दोन-तीन लाडू खाल्ले तर बाबांना ते महागात पडेल. याउलट ७० टक्के डार्क चॉकलेटमध्ये शंभर ग्रॅमला ३० ग्रॅमच्या आत-बाहेर साखर असते. त्यात चॉकलेटच्या वजनाच्या पाऊणपट ते तेवढ्याच वजनाचे दाणे, बिया, लाह्या मिसळल्या तर दहा ग्रॅमच्या वडीत दीड-पावणेदोन ग्रॅमच साखर येते, आणि ती दोघांत वाटली जाणार! माझं मत, गोडी कशाची आणायची हा शोध सोडा, प्रमाण कमी करा. वेष्टनामागचा साखरेचा आकडा वाचून हा हिशोब पुन्हा करून बघा, कारण प्रत्येक कंपनीचं प्रमाण थोडं वेगळं असतं.

शुगर-फ्रीबद्दल. त्यात बहुधा माल्टिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरायचं गोड द्रव्य असतं. तेही रक्तातली साखर वाढवतं, फक्त कमी. आणि जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात. आठ वर्षांच्या मुलाला मी ते देणार नाही. बाबांना चवीपुरतं चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, गोळ्या सुरू असतील तर नक्कीच.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. लाडवाचा हिशोब वाचून धक्काच बसला. मी बाबांना रोज दोन देत होते, आणि निर्धास्तपणे देत होते. गोळ्या अजून सुरू नाहीत, फक्त चालणं आणि पथ्य.

मग चॉकलेट विकत आणून त्यात दाणे घालायचे एवढंच का? बेकरीच्या सामानाच्या दुकानात डार्क चॉकलेटची अर्ध्या किलोची लादी बरीच स्वस्त मिळते, ती चालेल?

प्रतिसाद ४

ती लादी बहुतेक कंपाउंड असणार. आणू नका. मी पुण्यात घरून चॉकलेटच्या ऑर्डरी घेते, सुरुवातीला मीही तीच वापरायचे. कंपाउंडमध्ये कोको बटर काढून दुसरी वनस्पती चरबी घातलेली असते, आणि नाव डार्क असलं तरी निम्म्याच्या आसपास साखर असते. ते वापरायला सोपं, नुसतं वितळवून ओतलं की झालं. पण तुमचा सगळा खटाटोप ज्यासाठी आहे तेच त्यात नाही. वेष्टनावर घटक वाचा. कोको सॉलिड्स, कोको बटर, साखर, लेसिथिन (मिश्रण एकजीव ठेवणारा घटक) एवढंच असेल तर घ्या. हायड्रोजनेटेड तेल किंवा साखरेचं नाव सगळ्यात आधी दिसलं तर परत ठेवा. (अशा तेलातल्या हानिकारक ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे पूर्वीइतकी भीती नाही, तरीही.)

आता कट्‌ आवाजाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. कोको बटर वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठतं. त्यातला एकच प्रकार चकाकतो आणि कट्‌कन मोडतो. तो यावा म्हणून चॉकलेट टेम्पर करावं लागतं. बारीक चिरून दोन भाग ४५ अंशांपर्यंत वितळवा, खाली उतरवा, उरलेला तिसरा भाग न वितळवता त्यात घाला आणि ३१-३२ अंशांपर्यंत येईस्तोवर ढवळत राहा. थर्मामीटर नसेल तर ओठाखाली थेंब लावून बघा, किंचित गार लागला पाहिजे. सुरीच्या टोकाला लावलेलं पाच मिनिटांत घट्ट आणि चकचकीत झालं की जमलं.

तुमच्याकडे दुपारी ३६ अंश असतील तर ते ३२ ला येणारच नाही. पहाटे करा. खरंच, पाच-साडेपाचला उठून करा.

कोको पावडर आणि कोको बटरपासून सगळं घरी करण्याच्या वाटेला सध्या जाऊ नका. साखरेचा कण २०-२५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असला तर जिभेला कळतो आणि मिक्सर तेवढं बारीक करत नाही. तुमचा गूळ म्हणूनच कचकचला. बियांपासून चॉकलेट करणारे छोटे उत्पादक दगडी ग्राइंडरमध्ये ते दीड-दोन दिवस फिरवतात. ती यंत्रं आपल्याकडच्या इडली-डोशाच्या वेट ग्राइंडरवरूनच निघाली आहेत, जगभर वापरतात. मला याचा फार अभिमान वाटतो.

प्रतिसाद ५

मी कुडाळची. उन्हाळ्यात चॉकलेट मऊ पडतं यावर आमच्याकडे घरातच उपाय आहे: कोकमतेल. कोकमाच्या बियांतून निघतं, नाव तेल असलं तरी दगडासारखं घट्ट असतं. हाताच्या मुठीने गोळे वळतात म्हणून मुठेल म्हणतात. आमची आजी गरम भातावर किसून घालायची आणि थंडीत तेच टाचांच्या भेगांना लावायची. ते ३८-४० अंशांच्या पुढे वितळतं, आणि त्याची घडण कोको बटरशी जुळणारी आहे, म्हणून खोबरेलासारखं चॉकलेट मऊ न करता उलट कडक करतं. युरोपात चॉकलेटमध्ये जी सहा वनस्पती तेलं ५ टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी आहे, त्यांत आपलं कोकम आहे.

शंभर ग्रॅम चॉकलेटला सात-आठ ग्रॅम पुरे. जास्त घातलंत तर टाळूला मेणासारखा थर बसतो. सुरुवातीला चॉकलेटबरोबरच वितळवा. एक लक्षात ठेवा, सौंदर्यप्रसाधनांसाठी विकलं जाणारं घेऊ नका, खाण्याचं म्हणून मागा, आणि किसून वास घ्या. खवट असेल तर सगळं चॉकलेट वाया जाईल. आणि हे घालूनही ३६ अंशांत वडी ताटात तासभर राहणार नाही. डब्यातून काढून, मोडून, खाईपर्यंत राहील.

प्रतिसाद ६

सोलापूरचे आहात तर दाणे सोडून बदामाच्या मागे कशाला लागता? मंद आचेवर खरपूस भाजलेले शेंगदाणे, सालं काढून, जाडसर कुटून. आणि राजगिऱ्याच्या लाह्या. कुरमुऱ्यांपेक्षा बारीक, वडी सलग राहते आणि कुरकुरीत लागते. दाणे पूर्ण गार झाल्यावरच घाला. चिमूटभर मीठ विसरू नका, कडवटपणा मिठाने उतरतो, साखर वाढवायची गरज पडत नाही.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. आधी न झालेलं सांगते. पहिल्यांदा पहाटे केलं, पण घाईत ३५ अंशांवरच ओतलं. दुसऱ्या दिवशी वर पांढरट पट्टे आले. मला बुरशीच वाटली. मग वाचून कळलं की चरबी वर आली आहे, खायला हरकत नाही. चव ठीक होती, पण मोडताना वाकत होतं.

दुसऱ्यांदा थर्मामीटर आणला. शंभर ग्रॅम ७० टक्के चॉकलेट, आठ ग्रॅम कोकमतेल (मालवणहून येणाऱ्या ओळखीच्या बाईंकडून), साठ ग्रॅम दाण्यांचा जाडसर कूट, पंधरा ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या, चिमूटभर मीठ. ३२ अंशांना आल्यावर दाणे-लाह्या मिसळून बटर पेपरवर पातळ पसरलं. अठरा वड्या झाल्या. चॉकलेटच्या वेष्टनावर शंभर ग्रॅमला २९ ग्रॅम साखर लिहिली आहे, म्हणजे वडीला १.६ ग्रॅम, आणि अर्ध्या वडीला एक ग्रॅमसुद्धा नाही. हा हिशोब मी बाबांच्या डॉक्टरांना दाखवला. रोज एक अर्धी वडी चालेल म्हणाले, जेवणानंतरचं चालणं चुकवायचं नाही या अटीवर.

डबा फ्रीजमध्ये ठेवते, सहा वाजता एक वडी काढून झाकण लगेच लावते. काल बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि मोडली. स्वयंपाकघरात मला आवाज आला. मुलगा पहिला घास खाऊन म्हणाला, "थोडं कडू आहे," आणि उरलेलं अगदी सावकाश खाल्लं. एरवी तो चॉकलेट दोन घासांत संपवतो.

आता एकच अडचण. दाण्यांमुळे वडी कधी वाकडी मोडते, आणि मग मोठा तुकडा बाबा त्याला देतात की तो बाबांना, यावर रोज वाद होतो. बरोबर मधोमध मोडण्यासाठी काही करता येईल का?

प्रतिसाद ४

येईल. दाण्यांचा कूट अजून थोडा बारीक करा. पसरल्यावर वरची चकाकी जाऊन ते मऊसर घट्ट झालं, म्हणजे बोट टेकवलं तर ठसा उमटतो पण चॉकलेट बोटाला लागत नाही, की त्याच वेळी सुरी पुसून कोरडी करा आणि आधी वड्या पूर्ण कापा. मग प्रत्येक वडीच्या मधोमध पट्टीने निम्म्या जाडीपर्यंत रेघ द्या. पूर्ण कडक होईपर्यंत थांबलात तर तडकेल, आणि फार लवकर दिलीत तर रेघ बुजून जाईल.