शब्दचर्चा: नव्या कोचचं ‘इंट्रोडक्शन’ मराठीत कसं आणायचं?

अटलांटाकर
मंडळी, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर लेख लिहितोय. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून अंगावर धावून जातात तो.) खेळाबद्दल फारसं काही नाही त्यात. विद्यापीठ नवा मुख्य कोच आणतं, बँड लावून त्याला लोकांपुढे उभं करतं आणि मग लोक त्याच्यावर तोंडसुख घेतात किंवा त्याला डोक्यावर घेतात, तेवढाच विषय. या कार्यक्रमाला इथे नुसतं ‘इंट्रोडक्शन’ म्हणतात. ‘ओळख समारंभ’ लिहावं तर वाटेल, माणूस अनोळखी आहे. १२ डिसेंबर २०२४ ला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने बिल बेलिचिकना असं उभं केलं. वय ७२, मुख्य कोच म्हणून सहा सुपर बोल (तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना) जिंकलेले. त्यांची कुणाला कसली ओळख करून द्यायची? ‘पदग्रहण’ म्हटलं की राज्यपाल डोळ्यांपुढे येतात.

दुसरं असं की कोच त्या दिवशी फर्डा बोलला तर इथे म्हणतात, ‘ही वन द प्रेस कॉन्फरन्स’. ‘पत्रकार परिषद जिंकली’ हे मराठी नव्हे. आणि फॅन्सना काय म्हणू? ‘चाहते’ लिहून पाहिलं, पण कुठेतरी खटकतंय.

मोडीवाचक
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर आपल्याकडे तयार आहे. सभा जिंकली! पुढाऱ्याने भाषणात रंग भरला की आपण हेच म्हणतो. सभा जिंकणारा निवडणूक जिंकेलच असं नाही, हेही त्या शब्दात न बोलता आलंच. अमेरिकेतला वाक्प्रचार नेमका याच खोचेने वापरतात ना? ‘मैदान मारलं’ मात्र वापरू नका, इथे खरंखुरं मैदान पुढे असल्यामुळे घोटाळा होईल.

अटलांटाकर
वा! अगदी त्याच खोचेने. डिऑन सँडर्स डिसेंबर २०२२ मध्ये कोच म्हणून कोलोराडो विद्यापीठात आले तेव्हा संघाचा हंगाम १ विजय, ११ पराभव असा संपलेला. पहिल्याच बैठकीत खेळाडूंना सांगितलं, मी माझं सामान घेऊन येतोय आणि ते लुई व्हितॉनचं आहे. मतलब, चांगले खेळाडू माझे मी आणतोय, तुम्ही दुसरीकडे बघा. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. निम्मे लोक फिदा, निम्मे म्हणाले पोरांशी असं बोलतात का! पुढच्या हंगामात पहिले तीन सामने जिंकले, तेव्हा विद्यापीठाच्या गावी, बोल्डरमध्ये, आनंदीआनंद होता. शेवट ४-८. सभा जिंकली होती, यात शंका नाही.

पेठेतला
‘चाहते’ खटकतंय ते बरोबरच खटकतंय. चाहता माणसाचा असतो. सचिनचे चाहते, लताबाईंचे चाहते. संघाचा असतो तो पाठीराखा. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाची फुटबॉल मॅच असली की कोण कुठल्या बाजूचा हे पेठेवरून ठरतं. खेळाडू या वर्षी इकडं, पुढच्या वर्षी तिकडं. पाठीराखा हलत नाही. बाप ज्या तालमीचा, पोरगं त्याच तालमीचं. तुमच्याकडं पण विद्यापीठ तेच राहतंय आणि कोच बदलतोय, म्हणजे पाठीराखेच की.

अटलांटाकर
पटलं. ‘पाठीराखे’ पक्कं. त्यांचा दरारा किती ते टेनेसी विद्यापीठात २०१७ च्या नोव्हेंबरात दिसलं. एका कोचचं नाव ठरल्याची बातमी रविवारी फुटली आणि संध्याकाळपर्यंत विद्यार्थी, माजी विद्यार्थी, देणगीदार, आमदार असे सगळे उठले. कॅम्पसवर एक मोठा दगड आहे, पोरं त्यावर रंगाने काहीबाही लिहीत असतात. त्या दिवशी त्यावर लिहिलेला निषेध दुपारपासून फोटोंतून फिरत होता. रात्र पडायच्या आत नेमणूक बारगळली. त्याच आठवड्यात, ज्यांनी ती ठरवली होती त्या क्रीडा संचालकांनाही पद सोडावं लागलं. म्हणजे इंट्रोडक्शन व्हायच्या आधीच प्रतिक्रिया येऊन काम उरकून गेली.

माजघर
मग पहिल्या शब्दासाठी एवढं डोकं का खाजवताय? सूनमुख! नवी सून घरात आली की सासू आरशात तिचं मुख बघते, हातात काहीतरी ठेवते आणि मग आजूबाजूच्या बायका सुरू होतात. नाकीडोळी नीटस आहे, पण उंची जरा कमीच, आणि माहेरचं फार कौतुक सांगते. तुम्ही वर्णन करताय ते अगदी हेच आहे. पुढचे शब्दही आपोआप मिळतात. कोचने सोबत आणलेले हाताखालचे कोच आणि खेळाडू म्हणजे पाठराखिणी.

मोडीवाचक
पाठराखीण भन्नाट. सँडर्सनी तर आपल्या आधीच्या विद्यापीठातून, जॅक्सन स्टेटहून, स्वतःचा मुलगा शेडूर आणि ट्रॅव्हिस हंटर यांना सोबत आणलं होतं. त्यातल्या हंटरने पुढे २०२४ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवली. पाठराखीणच सुनेपेक्षा भारी निघाली!

नर्मदेतला गोटा
उपमा गोड आहे, पण माजघरताई, सुनेला दहा वर्षांचा लेखी करार कोण देतं? टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने कोच जिम्बो फिशरना डिसेंबर २०१७ मध्ये दहा वर्षांचे साडेसात कोटी डॉलर देऊ केले. त्या सुमारास विद्यापीठाच्या कुलपतींनी त्यांना एक फलक भेट दिला. त्यावर राष्ट्रीय विजेते असं कोरलेलं, सालाच्या जागी २० आणि पुढचे दोन आकडे मोकळे. ते तुम्हीच भरा म्हणे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशरना काढलं तेव्हा आकडे मोकळेच होते आणि मध्यंतरी वाढवून दिलेल्या कराराचे उरलेले सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर विद्यापीठाच्या बोकांडी बसले.

माजघर
त्याला पोटगी म्हणतात.

पेठेतला
🙏 ताईंनी सभा जिंकली.

अटलांटाकर
हसून झाल्यावर सांगतो, ‘बायआउट’साठी लेखात ‘पोटगी’ एकदाच, अवतरणात घेतो. पुढे ‘कराराची उरलेली रक्कम’. दरवेळी पोटगी म्हटलं तर विनोद शिळा होईल. सूनमुखाचंही तसंच. लेखाच्या मथळ्यात चालेल, मजकुरात साधं ‘नव्या कोचला पाठीराख्यांपुढे आणलं’ एवढं पुरे. मराठीत क्रियापदाने भागतं तिथे नाम कशाला घडवायचं?

आता खरा पेच. ब्रायन केली. नोटर डेम विद्यापीठात कोच म्हणून बारा हंगाम काढून २०२१ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाला आले. जन्म बोस्टनजवळच्या एव्हरेटचा, सगळी कारकीर्द उत्तरेत. १ डिसेंबरच्या रात्री विद्यापीठाच्या गावी, बॅटन रूजला, बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात त्यांच्या हाती माइक दिला. आणि गृहस्थ एकदम दक्षिणी ढंगात बोलायला लागले! ‘माझ्या फॅमिलीसोबत इथे आलोय’ असं म्हणायचं होतं, त्यातला ‘फॅमिली’ असा काही ओढला की दुसऱ्या दिवशी सगळा देश तेवढा एक शब्द वाजवत होता. ‘फेक अ‍ॅक्सेंट’ला मराठीत काय म्हणू? ‘खोटा उच्चार’ म्हटलं तर जीभ अडखळल्यासारखं वाटतं.

मोडीवाचक
‘हेल’ आहे की. मालवणी हेल, वऱ्हाडी हेल. ‘उसना हेल’ लिहा. खोटा म्हणण्यापेक्षा उसना बरा, कारण उसनं आणलेलं परत करावं लागतं, आणि तुमच्या केलींनी तो दुसऱ्या दिवशी परत केलाच असणार.

नर्मदेतला गोटा
‘उसना हेल’ उत्तम. केलींनी पहिल्याच हंगामात अलाबामाला हरवलं, तेव्हा त्याच हेलाचं लोकांनी कौतुकही केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये घरच्या मैदानावर टेक्सस ए अँड एमकडून ४९-२५ असा मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. जिंकत होते तोवर हेल गोड होता.

माजघर
म्हणजे नव्याचे नऊ दिवस.

नर्मदेतला गोटा
इथे मला हरकत आहे. ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हटलं की शेवट वाईट होणार हे आधीच ठरवून टाकलं. मागे वळून बघताना तो वाक्प्रचार शोभतो. आल्या दिवशीच्या उत्साहाला ‘नव्याची नवलाई’ म्हणा, त्यात निकाल दिलेला नसतो. निक सेबनचं बघा. मायामीच्या व्यावसायिक संघाचे कोच असताना डिसेंबर २००६ मध्ये म्हणाले, मी अलाबामा विद्यापीठाचा कोच होणार नाही. जानेवारीत अलाबामाच्या गावी, टस्कलूसाच्या विमानतळावर उतरले तर हीऽ गर्दी, एका बाईने तर भर गर्दीत मुका घेतला. एप्रिलमध्ये संघाचा आपसातला सराव सामना बघायला ९२,१३८ माणसं आली. सराव सामना! पहिला हंगाम मात्र ७-६, त्यात लुइझियाना-मनरोसारख्या लहान संघाकडून हार. नऊ दिवस संपले असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं. नंतर सहा राष्ट्रीय विजेतेपदं आली.

चॅपल हिलची पालक
बेलिचिकचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते, मुलगी त्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला शिकते. त्यांच्या पहिल्या दिवसाचं कौतुक वेगळ्याच जातीचं होतं. वडील स्टीव्ह बेलिचिक १९५० च्या दशकात तिथेच सहायक कोच होते. यांनी वडिलांच्या वेळचा जुना स्वेटशर्ट दाखवला. बेलिचिक बाह्या कापलेले स्वेटशर्ट घालतात, ते जगजाहीर, म्हणून क्रीडा संचालक बाह्या कापलेला कोट घालून उभे! मला सांगायचंय ते असं की या प्रतिक्रियेला ना ‘नवलाई’ लागू पडते ना ‘कौतुक’. माहेरचं माणूस परत आल्यासारखा जिव्हाळा होता तो. १ सप्टेंबर २०२५ ला पहिल्या सामन्यात टीसीयूने (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाने) ४८-१४ असं लोळवलं, तेव्हा तिसऱ्या क्वार्टरपासून लोक उठून जायला लागले. पण उठून जाणारे शिव्या देत नव्हते, गप्प होते. ते कसं लिहाल?

मोडीवाचक
‘हिरमुसले’.

पेठेतला
आणि शिव्या देणाऱ्यांसाठी ‘शिमगा’. लेन किफिन हा कोच २०१० च्या जानेवारीत टेनेसी एका हंगामात सोडून गेला, तेव्हा पोरांनी रस्त्यावर गाद्या जाळल्या असं वाचलंय. होळी पेटली, बोंबा झाल्या, अजून काय पाहिजे? तोच गडी ३० नोव्हेंबर २०२५ ला मिसिसिपी विद्यापीठाचा ११-१ असा चाललेला संघ टाकून लुइझियाना स्टेटला गेला. एकाच दिवशी मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डच्या विमानतळावर शिमगा आणि बॅटन रूजला दिवाळी.

अटलांटाकर
हे वाक्य जसंच्या तसं उचलतो, अंक दिवाळीचाच आहे. लेखातला परिच्छेद असा करतोय: ‘बॅटन रूजच्या पाठीराख्यांनी चार वर्षांत दोन सूनमुखं पाहिली. पहिल्या वेळी उसन्या हेलाची टिंगल झाली, दुसऱ्या वेळी विमानतळावर जल्लोष. मधल्या काळात सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरची ‘पोटगी’ डोक्यावर आली. किफिन यांनी सभा जिंकली आहे.’ कुणाला काही खटकतंय?

नर्मदेतला गोटा
‘डोक्यावर आली’ नको, ‘अंगावर पडली’ करा.

माजघर
आणि ‘सूनमुखं’ असं अनेकवचन मी तरी कधी ऐकलेलं नाही. ‘दोनदा सूनमुख पाहिलं’ करा.