घरचा लेथ, घरचं वर्कशॉप: अनुभव, अडचणी, युक्त्या

सातपूरची_लेक
काल नाशिकच्या त्र्यंबक रोडला आयटीआय सिग्नलवर थांबले होते. शेजारच्या स्कूटीवर निळ्या अ‍ॅप्रनमधली एक मुलगी, खिशातून सहा इंची स्टील पट्टी डोकावतेय. सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मी त्या पट्टीकडेच बघत बसलेले. आमच्या बाबांच्या खिशात अशीच पट्टी कायम असायची. शर्ट भिजवण्याआधी आई खिसे चाचपायची ते त्या पट्टीसाठी, पैशांसाठी नाही.

बाबा सातपूर एमआयडीसीत टर्नर होते. रिटायर झाल्यावर मागच्या शेडमध्ये जुना साडेचार फुटी लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, गोल फिरवून टूलने कापायचं मशीन) बसवला. आता तो मी चालवते. त्या पट्टीनेच त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली. टूलचं टोक सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीवर आहे का बघायचं असेल तर मशीन बंद ठेवून गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये पट्टी उभी धरायची आणि क्रॉस स्लाइड (टूल पुढे-मागे नेणारा भाग) हलकेच पुढे आणून ती पकडायची. सरळ उभी राहिली तर टूल बरोबर. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर टूल वर आहे. मोजमाप नाही, काही नाही, दोन सेकंदांत कळतं.

आणखी एक. जॉब थरथरला, रेघा आल्या, पार्टिंग करताना (तुकडा कापून वेगळा करताना) टूल घुसलं, काहीही झालं तरी बाबा टूलला लगेच हात लावत नसत. आधी पकड बघायचे. जॉब किती बाहेर आलाय, टूल किती बाहेर आलंय, गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) ढिली आहे का, टूलपोस्ट (टूल धरणारा भाग) घट्ट आहे का. मला हे मनापासून पटलंय. घरच्या मशीनवरचं निम्मं दुखणं तिथेच सापडतं.

तुमच्या घरी लेथ, मिलिंग, ड्रिल, नुसती वाइस आणि कानस असली तरी लिहा.

पाथर्डी_फाटा
वा ताई. बाबांना नमस्कार सांगा. माझी अडचण लगेच टाकतो. २० एमएमचा एमएस (साध्या स्टीलचा) बार, चकच्या (जॉब पकडणाऱ्या जबड्यांच्या) बाहेर ६ इंच. टर्न केल्यावर चकजवळ १९.०० येतो आणि मोकळ्या टोकाला १९.०८. बेड (लेथचा पाया, ज्यावर सगळं सरकतं) गेला का माझा? जुना घेतलाय, झोप लागत नाहीये.

अंबडचा_टर्नर
बेडला काही झालेलं नाही, निवांत झोपा. २० चा बार दीडशे एमएम बाहेर म्हणजे व्यासाच्या साडेसात पट. मोकळं टोक टूलपासून पळतंय, म्हणून तिथे कमी कापलं जातं आणि जाड राहतं. तीन-चार पटीच्या पुढे गेलं की टोकाला सेंटर ड्रिल मारून टेलस्टॉकचा (चकसमोरच्या आधाराचा) टेकू द्यायचाच.

टेकू देऊनही टेलस्टॉककडे जाड आला तर टेलस्टॉक आपल्या बाजूला सरकवा. फरकाच्या निम्मं. म्हणजे ०.०८ असेल तर ०.०४, आणि डायल (काट्याचं मोजमाप) लावूनच, अंदाजाने ठोकायचं नाही. शेवटचा कट घेताना टूलला धार हवी. बोथट टूल कापत नाही, ढकलतं.

मखमलाबाद_१
+१ धारेबद्दल. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल घासताना निळं पडलं म्हणून फेकू नका. कार्बन स्टीलचं पाणी (कडकपणा) उतरतं, एचएसएसचं नाही. तापल्या तापल्या थंड पाण्यात बुचकळू मात्र नका, बारीक तडे जातात.

गंगापूर_रोड_आई
मी यात नवीन आहे, मुलाच्या नादाने वाचतेय. तो बारावीत आहे आणि त्याला छोटा लेथ हवाय. आवाज किती होतो हो? आमच्या वर आजी राहतात.

सातपूरची_लेक
ताई, लेथचा आवाज मिक्सरपेक्षा कमीच. त्रास होतो तो ग्राइंडरचा. मशीनखाली जाड रबरी पॅड टाका आणि दुपारी दोन ते चार बंद. आजींना एकदा बोलावून दाखवाच, आमच्या शेजारच्या आजी लाटणं गुळगुळीत करायला घेऊन आल्या होत्या.

ओझर_एअरफोर्स_रोड
ओझरच्या एचएएलचा (विमान कारखान्याचा) उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितो. मामा तिथे होते, १९६४ ला मिग विमानांसाठी कारखाना आला त्या काळचे. अ‍ॅल्युमिनियम त्यांच्याकडून शिकलो. टूलच्या टोकावर धातू चिकटायला लागला की ब्रशने थोडं रॉकेल लावायचे, फिनिश एकदम चकाचक. हल्ली रॉकेल मिळत नाही, मी डब्ल्यूडी-४० वापरतो.

आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मोडला तर रडू नका. तुरटी! गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची, जॉब त्यात बुडवून गरम ठेवायचा. स्टीलचा टॅप हळूहळू खाल्ला जातो, अ‍ॅल्युमिनियम शाबूत राहतं. एचएसएस टॅपला वेळ लागतो, धीर हवा. जॉब स्टीलचा असेल तर अजिबात करू नका, जॉबच जाईल.

सिडको_पवननगर
तुरटी म्हणजे दाढीवाली???

ओझर_एअरफोर्स_रोड
तीच. किराणा दुकानातली. काचेच्या किंवा स्टेनलेसच्या जुन्या भांड्यात करा आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

जेलरोडकर
टॅप मोडूच नये म्हणून: एम६ (६ एमएमच्या आट्याला) ५, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५ एमएमचा ड्रिल. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. तेल. भाजी फोडणीला टाकलीय, बाकीचं नंतर.

देवळाली_कॅम्प
घरी थ्री फेज नाही म्हणून मशीन घ्यायचं थांबलेल्यांसाठी. सिंगल फेज वीज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलता येणारा ड्राइव्ह) बसवा. पण नीट वाचा: २३० व्होल्ट आत गेले की २३० व्होल्टचीच थ्री फेज बाहेर येते. आपल्याकडच्या छोट्या मोटारी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. प्लेटवर २४०/४१५ लिहिलं असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (कमी व्होल्टला चालणारी जोडणी) करता येते. तीनच वायरी बाहेर असतील तर स्टारचा जोड आत वाइंडिंगमध्ये असतो, तो उघडायला रिवाइंडिंगवाल्याकडे न्या.

जुना फॉरवर्ड-रिव्हर्सचा स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका. चालू असताना मध्येच तोडलं तर ड्राइव्ह उडू शकतो. स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला द्या. आणि फार कमी स्पीडला तासभर चालवू नका, मोटरचा पंखाही हळू फिरतो, मोटर तापते. अर्थिंग हवंच. जमत नसेल तर वायरमन बोलवा.

पाथर्डी_फाटा
हे सेव्ह केलं. अंबडकर काका, आज संध्याकाळी सेंटर लावून बघतो.

तांबट_लेन
आमचं घर जुन्या नाशकातलं. पितळ-तांब्याच्या ठोक्यांवर मोठी झाले, त्यामुळे मला फक्त पितळेचं कळतं. पितळेत ड्रिल अचानक खेचून आत घुसतं आणि जॉब हातातून फिरतो. त्याच्या दोन्ही कटिंग धारांवर ऑइल स्टोनचा हलका हात मारून जराशी सपाटी द्या, खेचणं थांबतं. ते ड्रिल पितळेसाठीच वेगळं ठेवा. टर्निंगला टूल वरून सपाट, रेक (वरचा उतार) नको. आणि चष्मा! पितळेचे कण सुईसारखे उडतात.

सिडको_पवननगर
तांबट लेनच्या ताई, आजीचा पितळी बंब आहे, तळाला गळतो. कोणी नीट करून देतं का अजून?

तांबट_लेन
हो, करतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. बंब विकू मात्र नका.

नाशिकरोड_शिफ्ट
सगळं वाचलं, एक कळकळीची विनंती. लेथवर हातमोजे घालू नका. माझ्या भावाचा हातमोजा ड्रिलच्या चिपमध्ये (कापलेल्या धातूच्या किसात) अडकला, अर्धं बोट गेलं. तो आजही शर्टाचं बटण लावायला वहिनीला हाक मारतो. चिप हाताने ओढायची नाही, हुक वापरायचा. चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, हातात नाहीतर ट्रेमध्ये, तिसरी जागा नाही. गंगापूर रोडच्या ताई, मुलाला हे आधी शिकवा, मग मशीन घ्या.

गंगापूर_रोड_आई
वाचून पोटात गोळा आला. भावाला सांभाळा. मुलाला आत्ताच मोठ्याने वाचून दाखवलं.

सातपूरची_लेक
किती बरं झालं लिहिलंत. मी ओढणी, बांगड्या, घड्याळ सगळं शेडच्या दारातल्या खिळ्याला लावते. केस टोपीत.

मखमलाबाद_१
पावसाळ्याचं कोणी बोलेना. बेडला गंज धरतो त्याचं काय करता? माझी शेड गोदाकाठच्या बाजूला आहे, सकाळी लोखंडाला घाम फुटलेला असतो.

अंबडचा_टर्नर
काम झालं की चिप झाडायची आणि स्लाइडवेचं तेल पुसटसं लावायचं. कास्ट आयर्न कापलं असेल तर आधी ती काळी पूड पूर्ण पुसायची, तेलात मिसळली की बेड घासून काढते. वर सुती चादर, प्लास्टिक थेट टाकायचं नाही, खाली ओल धरतं. चादरीच्या आत जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब, कापडाला टेकणार नाही असा. लोखंड जरा कोमट राहिलं की दव बसत नाही.

जेलरोडकर
भाजी झाली. सोल्युबल ऑइलचं पाणी (कापताना ओतायचं तेल मिसळलेलं) टाकीत साठवू नका, घरात वापर कमी, ते नासून वास मारतं. ब्रशने कटिंग ऑइल पुरतं.

सिडको_पवननगर
अंबड लिंक रोडचा भंगार बाजार आठवतो का कोणाला? ईएन८ (एक प्रकारचं स्टील) चे तुकडे किलोवर मिळायचे. आता बार घ्यायला गेलं तर अख्खी लांबी घ्या म्हणतात.

देवळाली_कॅम्प
आठवतो म्हणजे काय, माझी वाइस तिथलीच.

पाथर्डी_फाटा
सेंटर लावला. आता दोन्ही टोकांत ०.०१ चा फरक. अंबडकर काका, कुठे राहता, मिसळ खाऊ घालतो.

अंबडचा_टर्नर
मिसळ नको, अ‍ॅसिडिटी आहे. चहाला या. येताना तो बार आणा, बघू फिनिश कसं आलंय. पवननगर, माझ्याकडे ईएन८ चे २५ आणि ३२ चे तुकडे पडून आहेत, हवेत का?

सिडको_पवननगर
हवेत!! रविवारी सकाळी चालेल?