मदत हवी आहे: कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यालगतचा बंगला घ्यावा का?

रेतीकाठ:

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर समुद्राकाठी राहायचं हे आम्हा दोघांचं कधीचंच ठरलंय, आणि आता एक तयार बंगला मनात भरलाय. घोडं अडलंय ते एकाच गोष्टीवर. समोरच्या वाळूत दर हंगामात समुद्री कासवं अंडी घालायला येतात. दलाल हे अशा थाटात सांगतो की जणू गच्ची, पार्किंग आणि कासवं! मला मात्र ती जबाबदारी वाटते. कागदपत्रं, परवाने, किनाऱ्यापासूनचं अंतर हे सगळं वकील बघताहेत. ते नियम जागेगणिक बदलतात, त्यामुळे तो विषय इथे नको.

घर असं आहे. दिवाणखान्याची समुद्राकडची अख्खी भिंत काचेची, जमिनीपासून छतापर्यंत. गच्चीच्या कठड्याला पांढऱ्या एलईडीची पट्टी. वाळूत उतरायच्या पायऱ्यांवर खांबाचे दिवे. आणि कुंपणाबाहेर, भरतीच्या रेषेच्या जरा वर, काँक्रीटची बुटकी संरक्षक भिंत. दलालाच्या मते ही भिंत म्हणजे घराची मोठी जमेची बाजू.

थोडंफार वाचलंय. पिल्लं बहुतेक रात्रीच वाळूतून वर येतात आणि खालच्या बाजूला, क्षितिजालगत जिथे जास्त उजेड असेल तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो. घरात दिवे लागले की ती उलट्या दिशेने निघतात आणि मग खेकडे, पक्षी, नाहीतर सकाळचं ऊन त्यांचा निकाल लावतं. मादीही उजेड किंवा माणसांची हालचाल दिसली तर बरेचदा अंडी न घालताच परत फिरते.

दिवे काय, बदलून टाकू. पण काचेचं काय करायचं? रात्रभर पडदे ओढूनच बसायचं तर काचेच्या भिंतीचे पैसे कशाला मोजायचे, असं आमच्या नवरोबांचं म्हणणं आहे आणि ते अगदीच चूक नाही. संरक्षक भिंतीबद्दल तर मला ओ की ठो कळत नाही. शिवाय घरात एक कुत्रा आहे, त्याला खड्डे उकरायचा भारी नाद. टोकन देण्याआधी काय काय बघू?

मतलई वारा:

ताई, आधी अमावस्येच्या आसपास रात्री तिथे जा. घरातले आणि बाहेरचे सगळे दिवे लावायला सांगा आणि पाण्याच्या कडेला उभं राहून घराकडे बघा. एखादा बल्ब थेट डोळ्यांत आला, एखादी भिंत उजळलेली दिसली किंवा वाळूवर तुमची सावली पडली, तर ते सगळं बदलावं लागणार. चांदण्या रात्री गेलात तर काहीच कळणार नाही.

दिवे शक्य तितके खाली लावा, समुद्राच्या बाजूने झाकलेले हवेत, आणि रंग अंबर किंवा लाल, म्हणजे 560 नॅनोमीटरहून जास्त तरंगलांबीचे एलईडी. बाजारात किडे येऊ नयेत म्हणून पिवळे बल्ब मिळतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. पिवळा दिसणारा प्रत्येक दिवा कासवांना चालतोच असं नाही.

काचेवर उपाय आहे. फ्लोरिडात बऱ्याच किनारी गावांत नव्या बांधकामाला समुद्राकडची काच जास्तीत जास्त 45 टक्के उजेड पार जाऊ देणारीच लागते. जुन्या काचेवर फिल्म चिकटवता येते. दिवसा समुद्र दिसतोच. रात्री त्या खोलीत एखादा बुटका दिवा पुरतो, झुंबर नको. पडदे पूर्ण हंगामभर ओढायचेच, त्याला इलाज नाही. हंगाम म्हणजे शेवटचं घरटं फुटेपर्यंत बरं का, अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात.

उधाण:

मतलई यांना +1, पण माझ्या मते दिव्यांवर फार चर्चा होतेय. दिवे एका दुपारात बदलून होतात, भिंतीचं तसं नाही.

लाट अशा भिंतीवर आपटून मागे फिरते तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेते. वर्षागणिक समोरचा किनारा अरुंद आणि खोल होतो. वर चढणारी मादी भिंतीला धडकून परत जाते, नाहीतर तिथेच खाली अंडी घालते. पुढच्या उधाणात त्या खड्ड्यात पाणी शिरलं की एका घरट्यातली शंभरेक अंडी गेली. आणि कासवं बाजूला ठेवली तरी, भिंत मुळात बांधावी का लागली? मालकांना हे जरूर विचारा. गूगल अर्थवर जुनी चित्रं दिसतात, भरतीची रेषा किती आत सरकलीय ते स्वतः बघा.

‘आज कोणी हरकत घेत नाही’ यावरही विसंबू नका. ग्रीसमधल्या झाकिन्थोस बेटावर कासवांच्या किनाऱ्यांचं पुरेसं रक्षण केलं नाही म्हणून 2002 मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्रीसविरुद्ध निकाल दिला. त्यात डाफ्नी किनाऱ्यावरच्या बेकायदा बांधकामांचाही मुद्दा होता.

कुत्रा हंगामात वाळूवर मोकळा सोडायचा नाही, दिवसासुद्धा. घरटं हुंगून काढायला त्याला वेळ लागत नाही.

रेतीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. गूगल अर्थ आत्ताच उघडून बसले होते. सर्वात जुन्या चित्रात भिंत नाही आणि तिच्या जागी मर्यादवेलीने झाकलेली वाळूची टेकाडं दिसताहेत! टोकन थांबवलंय.

आता एक पुढचा प्रश्न. भिंत काढून ती टेकाडं आणि वेल परत आणणं कोणी प्रत्यक्ष केलंय का? शेजारच्या दोन्ही प्लॉटना भिंती तशाच राहणार असतील, तर मधल्या एकट्या उघड्या पट्ट्यात लाटांचा जोर वाढेल अशी धास्ती वाटते. अशा वेळी किनारा-अभियंत्याला गाठायचं की आधी शेजाऱ्यांशी बोलायचं?