वाढीव जागा सरसकट की टक्क्याने? रीडेव्हलपमेंट आणि ‘त्यांनाच का जास्त’

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मुलुंडपूर्व

मुलुंड पूर्वेची सोसायटी, तळ अधिक तीन, दोन विंग, ३२ सभासद. १६ वन आरके (कार्पेट २६९ चौ. फूट), १६ टू बीएचके (५६० चौ. फूट). दुकानं नाहीत. रीडेव्हलपमेंटचा ठराव झाला, पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमला, टेंडर अजून निघायचंय.

तंटा असा: टू बीएचकेवाले म्हणतात, बिल्डर जे जास्तीचं देईल ते आहे त्या क्षेत्रफळाच्या टक्क्याने वाटा. वन आरकेवाले म्हणतात, सोसायटी सगळ्यांची, सरसकट वाटा. व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडी ‘तुम्हाला आमचं बघवत नाही’पर्यंत आली आहे. चार जणांनी आत्ताच सांगून टाकलंय, टक्क्याने दिलं तर घर रिकामं करणार नाही.

विचारायचंय ते हे: नियम कुणाच्या बाजूने आहे? दोन्हीकडच्यांना पटेल असं सूत्र कसं बसवायचं? आणि मजला, पार्किंग, भाडं यावरून पुढे परत हेच होणार, त्याची तजवीज आत्ता काय करावी?

फुटपट्टी

सूत्राच्या आधी मोजणी. निम्मी भांडणं तिथेच जन्माला येतात आणि नंतर तत्त्वाचे कपडे घालून फिरतात.

बत्तीसही घरं एकाच माणसाने, एकाच लेझर मीटरने मोजायची. प्लास्टर ते प्लास्टर, खोलीगणिक, आणि त्याच दिवशी कच्च्या आकृतीवर सभासदाची सही घ्यायची. मग सगळ्यांचा तक्ता बोर्डावर लावा, हरकतींना १५ दिवस द्या. हरकत आली की दोन्ही बाजूंसमोर फेरमोजणी.

घोळ होतो तो बंद केलेल्या गॅलरीचा. एकाने गॅलरी हॉलमध्ये घेतली, शेजाऱ्याने नियम पाळून उघडी ठेवली. ती कार्पेटमध्ये धरली तर नियम पाळणारा मूर्ख ठरतो, आणि तो राग तो पुढची पाच वर्षं प्रत्येक सभेत काढतो. म्हणून मूळ आकडा मंजूर नकाशावरचा धरा, प्रत्यक्ष मोजणी फक्त पडताळ्याला. तळमजल्यावर मागच्या बाजूला वाढवलेली मोरी, जिन्याखाली काढलेली खोली, फ्लॉवरबेड, सगळं याच नियमात.

दुसरी गोम रेराच्या (बांधकाम प्रकल्पांच्या कायद्यातल्या) कार्पेटची. रेरामध्ये घरातल्या मधल्या भिंती कार्पेटमध्ये मोजतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, शाफ्ट मोजत नाहीत. तुमचे २६९ आणि ५६० हे जुन्या पद्धतीचे, भिंती वगळून असतील आणि नवीन घर रेरा कार्पेटने मिळणार असेल, तर मिळालेल्या वाढीतली काही नुसती भिंत असते. वन आरकेत मधली भिंत नावाला, टू बीएचकेत पंधरा-वीस फूट सहज. जुनं आणि नवं एकाच व्याख्येने लिहा, टेंडरमध्येसुद्धा.

चटईक्षेत्र

नियम कुणाच्या बाजूने, याचं खरं उत्तर ‘दोघांच्या’ असं आहे. डीसीपीआर २०३४, म्हणजे मुंबईची विकास नियंत्रण नियमावली, उघडून बघा.

३३(७)(ब) मध्ये जुन्या गृहनिर्माण सोसायटीला वाढीव बांधकाम क्षेत्र मिळतं ते असं: अस्तित्वातल्या बांधकाम क्षेत्राच्या १५ टक्के किंवा दर घरामागे १० चौ. मीटर, यातलं जे जास्त असेल ते. (उपकरप्राप्त इमारत किंवा म्हाडा वसाहत असेल तर कलमं वेगळी, हिशोबही वेगळा.) तुमचं मंजूर बांधकाम क्षेत्र ढोबळ मानाने वन आरकेला ३० आणि टू बीएचकेला ६० चौ. मीटर धरू. एकूण १४४०. त्याचे १५ टक्के २१६. घरामागे १० धरले तर ३२०. म्हणजे तुम्हाला ३२० लागू होणार.

आता हे ३२० आले कुठून ते बघा. डोकी मोजून आले. त्यात वन आरकेचे १० आणि टू बीएचकेचेही १० च. सरासरी घर ६६.६७ चौ. मीटरच्या खाली असेल तिथे नेहमी डोक्यांचाच हिशोब जिंकतो, आणि तुमची सरासरी ४५ आहे. सगळी घरं टू बीएचके असती, तर तितक्याच १४४० मध्ये घरं २४ बसली असती आणि वाढ मिळाली असती २४०. ८० चौ. मीटर जास्तीचे आले ते घरं लहान आहेत म्हणून. वन आरकेवाले ‘आमच्यामुळे मिळतंय’ म्हणतात ते हवेतलं नाही.

पण फंजिबलचं, म्हणजे मूळ एफएसआयच्या वर मिळणाऱ्या जादा बांधकाम क्षेत्राचं, उलट. जुन्या इमारतीत वापरलेल्या एफएसआयवर (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) ३५ टक्के फंजिबल प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाचं शुल्क, न भरता मिळतो. तो क्षेत्रफळावर मिळतो, म्हणून ३० वाल्याच्या नावावर १०.५ आणि ६० वाल्याच्या नावावर २१. इथे टू बीएचकेवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

ही झाली नियमाची खतावणी. बिल्डर एवढंच देईल किंवा एवढं देईल असा याचा अर्थ नाही. त्याला विक्रीची घरं काढायचीत, टीडीआर (दुसरीकडून विकत घ्यायचा बांधकाम हक्क) आणि प्रीमियमचा खर्च आहे, रस्त्याची रुंदी आडवी येते. पण एक वाटा डोक्यामागे, एक वाटा क्षेत्रफळामागे, ही विभागणी तुम्ही शोधून काढलेली तडजोड नाही. ती नियमातच आहे, आणि सभेत तशीच मांडा. ‘मधला मार्ग’ म्हणालात की दोन्हीकडच्यांना वाटतं आपलंच काहीतरी कापलं.

सूत्राचे आकडे. समजा बिल्डरने एकूण कार्पेटवर ३० टक्के दिले. तुमचं एकूण कार्पेट १३,२६४ चौ. फूट, म्हणजे वाटायला साधारण ३,९८० चौ. फूट.

सरसकट: प्रत्येकी १२४. वन आरके ३९३, टू बीएचके ६८४.
टक्क्याने: ८१ आणि १६८. वन आरके ३५०, टू बीएचके ७२८.
निम्मं डोक्यामागे, निम्मं टक्क्याने: १०२ आणि १४६. वन आरके ३७१, टू बीएचके ७०६.

आर्किटेक्टला विचारा की वन आरकेचा धड वन बीएचके किती फुटांपासून होतो, म्हणजे बेडरूमला खिडकी, दार आणि कपाटाची जागा धरून. तो म्हणाला ३७०, तर शेवटचे वीस फूट वन आरकेला सोन्याचे आहेत आणि टू बीएचकेत तेच वीस फूट पॅसेजमध्ये जातात. हा मुद्दा दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतो.

हिंदू_कॉलनी

टू बीएचकेवाल्यांची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. ज्याने घर घेताना दुप्पट पैसे मोजले, दुप्पट स्टँप ड्युटी भरली, दरवर्षी मालमत्ता कर जास्त भरला, त्याने वाढही दुप्पट मागितली तर तो हावरट कसा? मेहनतीने मोठं घर घेणं हा गुन्हा झालाय का? आणि झोपडीवाल्यांना ३०० फूट फुकट मिळतात तेव्हा कुणाला न्याय आठवत नाही.

चटईक्षेत्र

हावरट कुणीच म्हटलं नाही, वर २१ चौ. मीटर तुमच्याच नावावर मांडलेत.

पण टक्क्याचं तत्त्व धरायचं तर पूर्ण धरा. सहकारी सोसायटीत सेवाशुल्क म्हणजे वॉचमन, लिफ्ट, सफाई, ऑफिसखर्च हे दर घरामागे सारखं. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असती तर हिश्शाप्रमाणे लागलं असतं. शेअर सर्टिफिकेट बघा: लहान घर असो की मोठं, पन्नास रुपयांचे तेवढेच शेअर. मतही प्रत्येकी एकच. इतकी वर्षं खर्च डोक्यामागे वाटून घेतला तेव्हा वन आरकेवाल्याने तक्रार केली नसेल, तर आता त्याला डोक्यामागे थोडं मागू द्या.

आणि झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर विक्रीच्या घटकातून निघतं. तुमचं नवं घरही बिल्डर तुमच्या खिशातून एक पैसा न घेता बांधतो, तेही विक्रीच्या घटकातूनच. फुकट म्हणायचं तर दोन्ही फुकट.

निवृत्त_सचिव

मुलुंडपूर्व, ते चार जण अडून बसलेत त्यांच्याबद्दल. आपल्याकडे हेवा आणि मत्सर असे दोन शब्द आहेत, ते वेगळे ठेवा. हेवा म्हणजे मलाही हवं. मत्सर म्हणजे त्याला मिळू नये. आणि तिसरी गोष्ट म्हणजे खरोखर अन्याय झालाय. सभेत तिन्ही एकाच आवाजात ओरडतात. ओळखायचं कसं? प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘तुमच्या घराला किती फूट मिळाले तर तुम्ही सही कराल?’ उत्तरात आकडा आला तर तो हेवा किंवा न्यायाचा मुद्दा, दोन्ही सुटतात. ‘आधी त्यांचं कमी करा’ असं आलं तर तिथे सूत्र कामाचं नाही.

पण या मत्सरवाल्या माणसालाही वेडा समजू नका. १९८२ मध्ये जर्मनीत वर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी एक साधा खेळ लावला होता: एकाने रक्कम वाटायची, दुसऱ्याने मान्य करायची किंवा नाकारायची, नाकारली तर दोघांनाही शून्य. असे प्रयोग नंतर जगभर झाले. फार लहान वाटा दिला की बरेच जण तो नाकारतात, स्वतःचं नुकसान करून. तुमचे चार जण तेच करतायत. मुंबई उच्च न्यायालयाने बहुमताचा ठराव अल्पमतावर बंधनकारक असतो आणि अडून बसलेल्यांना घर रिकामं करावं लागतं असं अनेकदा म्हटलंय, तेव्हा शेवटी ते निघतील. पण तोवर सगळ्यांचंच वेळापत्रक कोर्टाच्या तारखांवर चालेल.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं एकच: सूत्र टेंडर उघडण्याआधी ठरवा. एकदा ऑफरचे आकडे आले की प्रत्येक जण फक्त आपली ओळ बघतो. टेंडरमध्ये बिल्डरला लिहा की ‘एकूण वाढीव कार्पेट किती चौ. फूट ते सांगा, वाटप सोसायटी करील’. बिल्डरला टक्क्यात बोलू दिलंत की वाटपाचा निर्णय त्याने तुमच्यासाठी घेऊन टाकलाच.

सूत्राचा वेगळा ठराव विशेष सर्वसाधारण सभेत करा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय वापरा: गणपूर्ती दोन तृतीयांश, मंजुरी एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के, सभेची नोटीस १४ दिवस. (२००९ च्या जुन्या निर्णयात तीन चतुर्थांश होतं, काही पीएमसी अजून तोच कागद फिरवतात.) हे निर्देश मार्गदर्शक आहेत असं कोर्टाने म्हटलंय, म्हणून जे हवं ते ठरावात आणि करारात स्पष्ट लिहा, ‘७९अ प्रमाणे’ एवढ्यावर सोडू नका.

सर्वात जास्त विष कालवतं ते गुपचूप पत्र. बिल्डर अडणाऱ्या एखाद्याला बाजूला घेतो, ५० फूट जास्त किंवा एक पार्किंग देतो. सहा महिन्यांनी ते बाहेर पडतं आणि ज्यांनी पहिल्या दिवशी सही केली ते सगळे मूर्ख ठरतात. उपाय: विकास करारात कलम घाला की कुठल्याही सभासदाला तक्त्यापेक्षा जास्त काही दिलं, तर तेवढंच त्या गटातल्या सगळ्यांना द्यावं लागेल. बत्तीस ओळींचा तक्ता कराराला परिशिष्ट म्हणून जोडा: जुनं कार्पेट, नवं कार्पेट, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम), भाडं, पार्किंग. पहिल्या ओळी कमिटी सदस्यांच्या ठेवा. लोक तिथूनच वाचायला सुरुवात करतात.

जोडघर

दोन घरं फोडून एक केलेला सभासद असेल तर त्याचा नियम आत्ताच लिहा. घरामागचा वाटा शेअर सर्टिफिकेटवर मोजायचा. दोन सर्टिफिकेटं असली तर दोन वाटे, मधली भिंत असो वा नसो.

मुलुंडपूर्व

आहे एक तसा. टेंडरच्या मसुद्यात ‘एकूण चौ. फूट’ घालायला आजच पीएमसीला सांगतो. भाडं आणि मजल्याचं कुणी सांगेल का?

फुटपट्टी

भाडं प्रति चौ. फूट ठेवलं तर वन आरकेवाला मारला जातो. २६९ फुटांच्या हिशोबाने येणाऱ्या पैशात मुलुंडमध्ये घर मिळेलच असं नाही, आणि मुलांची शाळा सोडून तो बदलापूरला जाणार नाही. म्हणून प्रति चौ. फूट दर, पण दर घरामागे किमान रक्कम. ती त्याच भागातल्या तीन दलालांकडून लेखी घ्या. ब्रोकरेज दरवर्षी एक महिन्याचं, ११ महिन्यांचे चेक आगाऊ, दुसऱ्या वर्षापासूनची वाढ करारात. शिफ्टिंग दोन्ही वेळचं आणि सरसकट. टेम्पो कार्पेट बघून पैसे घेत नाही.

पार्किंगमध्ये घोटाळा होतो कारण नियमातच लहान घराला कमी आहे: ४५ चौ. मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक, ४५ ते ६० च्या दोन घरांमागे एक. तुमचे नवे वन आरके पहिल्यात, टू बीएचके ६० च्या वर गेले तर घराला एक. ‘प्रत्येक सभासदाला एक’ हवं असेल तर ते टेंडरमध्ये मागा, नंतर नाही. स्टॅक पार्किंगमधली वरची जागा आणि खालची जागा सारखी नाही, तीही चिठ्ठीने.

मजल्याचं: ७९अ च्या निर्देशांप्रमाणे शक्यतो आहे त्या मजल्याच्या क्रमाने, नाहीतर चिठ्ठ्या, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर आणि व्हिडिओ करून. बांधकाम झाल्यावर सोडत काढा असं तिथे म्हटलंय, पण वैयक्तिक करारात घर नंबर लिहावा लागतो म्हणून बऱ्याच सोसायट्या आधीच काढतात. तसं केलं तर ठरावात लिहा. वन आरके आणि टू बीएचकेच्या सोडती वेगळ्या. दोन बरण्या ठेवा, एकीत नावं, एकीत घर नंबर, आणि दोन्हींतून एकेक. एकाच बरणीत नंबर ठेवून सभासदांना रांगेने बोलावलं की ‘पहिला कोण’ यावर भांडण. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या, आणि टाकण्याआधी मोठ्याने मोजा. १६ च्या जागी १५ निघाल्या तर अख्खी सोडत परत घ्यावी लागते, आणि ज्याला वरचा मजला लागलेला असतो तो परत बसायला तयार नसतो.