मदत हवी आहे: युरोपियन कायदा वर की जर्मनीची राज्यघटना?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय. एलएलएमच्या सेमिनारसाठी युरोपियन युनियनचा कायदा आणि तिथल्या देशांची घटनात्मक कोर्टं हा विषय घेतलाय, सोमवारी प्रेझेंटेशन आहे अन् तीन दिवसांपासून धंतोलीतल्या रूमवर बसून तेच ते वाचून राहिली तरी एका जागी गाडी अडलीच आहे.

लक्झेंबर्गच्या कोर्टाने, म्हणजे युरोपियन युनियनच्या सर्वोच्च कोर्टाने, १९६४ मध्ये कोस्ता विरुद्ध एनेलमध्ये सांगून टाकलं की युरोपियन कायदा देशाच्या कायद्याच्या वर. खटला काय तर इटलीत विजेच्या किरकोळ बिलाचा! पण जर्मनीचं घटनात्मक कोर्ट १९७४ मध्ये म्हणालं, युरोपकडे आमच्यासारखी मूलभूत हक्कांची यादी नाही तोवर युरोपियन कायदा आमच्या हक्कांना धरून आहे का ते आम्ही तपासणार. १९८६ मध्ये तेच उलटं फिरवलं, तुम्ही हक्क नीट जपताय तोवर आम्ही तपासणार नाही. इथपर्यंत ठीक आहे, कळतं.

घोळ होतो तो ५ मे २०२० च्या निकालाशी. युरोपियन सेंट्रल बँकेची रोखे खरेदी लक्झेंबर्गने २०१८ मध्ये वैध ठरवली होती, तरी जर्मन कोर्टाने तो निकालच अधिकाराबाहेरचा ठरवला आणि म्हटलं, बँकेने तीन महिन्यांत प्रमाणबद्धता (म्हणजे उपाय उद्दिष्टाच्या मानाने जास्त नाही हे) दाखवावी, नाहीतर बुंडेसबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, यात भाग घ्यायचा नाही. पुढे कागदपत्रं आली, जर्मन संसदेचं समाधान झालं, मग युरोपियन कमिशनने २०२१ मध्ये जर्मनीवर कारवाई सुरू केली आणि त्याच वर्षी बंदही केली.

आमचे सर म्हणतात, शेवटी जर्मनी नमलं, म्हणजे युरोपियन कायदाच वर, विषय संपला. मला हे पटत नाही. जर्मन कोर्टाचं म्हणणं असं की युरोपियन कायदा आमच्या देशात आला तोच आमच्या संसदेच्या संमतीने, आणि घटनेच्या कलम ७९(३) ने जे संसदेलाच बदलता येत नाही ते ती दुसऱ्याला देणार कुठून? हे वाचताना मला सारखं आपल्या सुप्रीम कोर्टाचं केशवानंद भारती आठवतं, संसदेला घटनेची मूलभूत संरचना बदलता येत नाही म्हणणारं. हे कलम आपल्या मूलभूत संरचनेच्या चर्चेतही आलं होतं, म्हणून तुलना करायचा मोह होतोय, पण आपल्या डोक्यावर लक्झेंबर्गसारखं कोर्ट नाही, तर ती तुलना टिकेल का?

आणि मुख्य म्हणजे, दोन्ही कोर्टं आपापल्या जागी बरोबर आहेत, शेवटचा शब्द कोणाचा हे मुद्दामच उघडं ठेवलंय, असं मी मांडलं तर परीक्षक पळवाट म्हणतील का? ज्यांनी २०२० चा निकाल मुळातून वाचलाय त्यांनी प्लीज सांगा, कोणता भाग आधी वाचू.