मदत हवी आहे: रिकाम्या वायूसाठ्यात कार्बन डायऑक्साइड भरताना तापमान कोसळतंय

मृगधारा: चार दिवस डोकं फोडतेय. संपलेल्या वायूसाठ्यात कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि उरलेला मिथेन दुसऱ्या विहिरीतून काढायचा, असं संगणकावरचं मॉडेल आहे. भरणं सुरू झालं की विहिरीलगतच्या ब्लॉकचं (मॉडेलमधल्या साठ्याच्या एका तुकड्याचं) तापमान ९० अंशांवरून थेट शून्याला येतं आणि रन बंद पडतो. सोमवारी सरांना दाखवायचंय. कुठे चुकतंय?

दगडधोंडे: टाइमस्टेप (मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे जातं तो) कमी करा. माझं दर वेळी त्यानेच सुटतं.

तळविहीर: टाइमस्टेपचा काय संबंध? साठ्यात दाब किती? आत काय सोडताय?

मृगधारा: संपलेला म्हटल्यावर दाब कमीच असणार ना! ३५ बार. तळाशी ८० बारचा, २५ अंशांचा द्रव सोडते. टाइमस्टेप तासावर आणली, तरी तेच.

तळविहीर: मग मॉडेल खरं तेच सांगतंय. ३५ बारला कार्बन डायऑक्साइड ० अंशाच्या आसपास उकळतो. दाब पडताच द्रवाचा वायू होतो आणि स्वतःच गार पडतो. खडकात पाणी असलं तर बर्फासारखं हायड्रेट (पाणी आणि वायू मिळून झालेला घन पदार्थ) धरतं, छिद्रं बुजतात. सुरुवातीला गरम करून वायुरूपात, सावकाश भरा. साठ्याचा दाब ७४ बारच्या वर गेला की हे उकळणं उरत नाही.

दगडधोंडे: नॉर्वेत स्लाइपनर प्रकल्पात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली भरतात. तिथे असलं काही ऐकलं नाही.

तळविहीर: अहो, तो खाऱ्या पाण्याचा थर आहे, तिथला दाब कुणी उपसून काढलेला नाही. तुलना नेदरलँड्सच्या के१२-बी या वायूक्षेत्राशी करा. तिथे निघालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून २००४ पासून त्याच साठ्यात परत सोडला. खोली ३,८०० मीटरच्या आसपास.

खडकवेडा: जुन्या विहिरींचं कुणीच बोलत नाही! वरचा खडक लाखो वर्षं वायू धरून बसला होता, गळती होईल ती आपणच पाडलेल्या भोकांतून. ओला कार्बन डायऑक्साइड आम्ल होतो, विहिरीतलं सिमेंट आणि केसिंग (पोलादी नळी) खातो. बुजवलेल्या प्रत्येक विहिरीची नोंद तपासा.

मृगधारा: ते पुढच्या प्रकरणात आहे. आता ४५ बारचा, ६० अंशांचा वायू दिला. रन चालला! पण चाळीस दिवसांतच काढायच्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड येतोय. तो मिथेनपेक्षा जड ना, मग खाली का बसत नाही?

तळविहीर: दोन विहिरींत अंतर किती? आणि भरणारी खालच्या थरात उघडलीय की वरच्या?

मृगधारा: १५० मीटर. दोन्ही वरच्याच थरात.